दुकानाच्या करासाठी सॉफ्टवेअर घेताना: खान्देशातल्या एका कृषी केंद्राच्या नजरेतून

मृग लागला, दोन पाऊस झाले की चोपडा असो, शिरपूर असो की शहादा, कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहायला जागा उरत नाही. कुणाला कपाशीचं बियाणं हवं, कुणाला डीएपी, कुणाला तणनाशक. चार शेतकरी एकदम बोलत असतात आणि त्यातले निम्मे म्हणतात, "मना नावे मांडी ठेव, भाऊ," म्हणजे उधारीवर माझ्या नावाने लिहून ठेव. बिलं पटापट निघायला हवीत ती याच दिवसांत, आणि वर्षभराच्या जीएसटीचा मोठा वाटाही याच बिलांवर ठरतो.

अशा घरच्या दुकानासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न बहुतेक वेळा ते विकणाऱ्यालाच विचारला जातो. तो डेमो दाखवतो. डेमोत एकच वस्तू असते, १८ टक्के कर असतो, गिऱ्हाईक रोखीने पैसे देतं आणि सगळं छान जुळतं. आपल्या दुकानात असं बिल दिवसातून किती वेळा होतं? माझं म्हणणं एवढंच आहे: सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तर ती आपल्या सर्वात गर्दीच्या आठवड्यातल्या, सर्वात किचकट बिलांवर घ्यावी. बाकी सगळं त्यानंतर.

तीन कामं, तीन हिशोब

आधी एक गैरसमज बाजूला करू. जीएसटीचं रिटर्न भरायला सॉफ्टवेअर विकत घ्यावंच लागतं असं नाही. सरकारी पोर्टलवर ते फुकट भरता येतं, बिलांची माहिती घरी बसून भरायला तिथेच ऑफलाइन टूल मिळतं. आयकराचं रिटर्नही आयकर खात्याच्या पोर्टलवर फुकट भरता येतं. शिवाय वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या दुकानदारांसाठी जीएसटी पोर्टलने काही कंपन्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध केलं होतं. पोर्टलच्या डाउनलोड विभागात ते आजही बघून घ्यायला हरकत नाही.

मग पैसे कशाचे मोजायचे? बिल बनवण्याचे आणि वही लिहिण्याचे. बिल, वही आणि रिटर्न ही तीन वेगळी कामं आहेत. काही ॲप फक्त बिल आणि उधारी सांभाळतात. काही पूर्ण हिशोब ठेवतात: कीर्द, खतावणी, माल, बँक, नफा-तोटा. काही या सगळ्यातून रिटर्नची फाइल तयार करून थेट पोर्टलवर चढवतात. आपल्याला यातलं किती हवं आणि किती काम आपले सीए किंवा कर सल्लागार करणार आहेत, हे आधी ठरवलं तर निम्मा खर्च वाचतो.

या तिन्हींत बिलाला मी सर्वात जास्त महत्त्व देतो. आपण बनवलेली बिलं जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये जातात. तिथून ती खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये (त्याच्या खरेदीची पोर्टलने बनवलेली यादी) दिसतात आणि आपल्या जीएसटीआर-३बी मध्ये (कर भरण्याचं रिटर्न) कराची रक्कम म्हणून येऊन बसतात. पूर्वी ३बी भरताना आकडा हाताने बदलता यायचा. जुलै २०२५ च्या करकाळापासून विक्रीवरच्या कराच्या त्या आकड्यात हाताने बदल करणं पोर्टलने बंद केलं आहे. काही चुकलं असेल तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करावं लागतं. "महिनाअखेर सीए बघून घेतील" हे धोरण त्यामुळे आता चालत नाही. काउंटरवर चुकलेला दर थेट सरकारदरबारी पोचतो.

आपण कोणत्या खात्यात मोडतो?

नुसत्या मालाचा धंदा असेल तर महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे. नोंदणी असेल आणि उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर कंपोझिशन योजना घेता येते. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा. पण गिऱ्हाइकाकडून बिलावर कर घ्यायचा नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिटही मिळत नाही. अशा दुकानाला 'टॅक्स इनव्हॉइस' नव्हे तर 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत हे त्यावर छापावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर ते तिथेच बाद.

नेहमीच्या पद्धतीत असाल आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नची सवलत आहे. जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेपर्यंत, आपल्या राज्यासाठी ३बी २२ तारखेपर्यंत. मधल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. तो प्रत्यक्ष विक्रीवर काढता येतो, किंवा मागच्या तिमाहीत रोख भरलेल्या कराच्या ३५ टक्के असा ठोक भरता येतो. हंगामी दुकानाला दोन्हींतलं काय सोयीचं, हे दर तिमाहीला बघण्यासारखं असतं. ते बघायचं तर महिन्याची विक्री आणि क्रेडिट यांचा ताळा सॉफ्टवेअरने एका पानावर दाखवला पाहिजे.

आता खान्देशाची खास बाब. आपण दोन राज्यांच्या सीमेवर राहतो. रावेरचा व्यापारी बऱ्हाणपूरला माल पाठवतो, नंदुरबारचा सुरतेला. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. माल सीमेपलीकडे गेला की केंद्र आणि राज्याच्या निम्म्या-निम्म्या कराऐवजी आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा एकच कर लागतो. गिऱ्हाइकाचं राज्य चुकीचं निवडलं गेलं तर कर चुकीच्या शीर्षाखाली जमा होतो, आणि पोर्टल तो आपोआप वळवत नाही. योग्य शीर्षाखाली पुन्हा भरायचा आणि आधी भरलेला परत मागायचा, अशी दगदग होते. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकताच येत नाही. आणि परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर ४० लाखांची सूट उपयोगी पडत नाही, नोंदणी घ्यावीच लागते. म्हणून सीमेजवळच्या दुकानाने एक गोष्ट तपासावी: नवं गिऱ्हाईक उघडताना सॉफ्टवेअर राज्य विचारतं, की गुपचूप 'महाराष्ट्र' धरून पुढे जातं?

मालाच्या वाहतुकीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाची मर्यादाही वेगळी आहे. परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला, राज्याच्या आत १ लाखावरच्या मालाला. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ५ कोटींवरच्या उलाढालीला लागतो, त्यामुळे बहुतेक घरगुती दुकानांना त्याची आज गरज नाही. विक्रेता त्याच सोयीचे जादा पैसे मागत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

एका बिलात तीन दर

कृषी केंद्राचं बिल हे सॉफ्टवेअरसाठी खरं अवघड बिल आहे. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही. रासायनिक खतावर ५ टक्के. कीटकनाशकावर १८ टक्के. ठिबक संचावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, त्या दिवसापासून ५ झाला. ठरावीक जैविक कीटकनाशकं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यंही १२ वरून ५ वर आली. पीव्हीसी पाइप मात्र १८ वरच आहे. शेतकरी एकच पिशवी घेऊन जातो आणि तिच्यात हे सगळं असतं.

करमुक्त आणि करपात्र माल एकत्र असला तरी नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला एकच एकत्रित बिल देण्याची मुभा नियमात आहे. सॉफ्टवेअर असं बिल काढतं का, ते समोर बसून काढून पाहा. करमुक्त विक्री असली की आणखी एक धागा येतो. दुकानाचं भाडं, वाहतूक अशा, करमुक्त आणि करपात्र दोन्ही मालांसाठी मिळून झालेल्या खर्चावरच्या क्रेडिटचा काही भाग सोडावा लागतो. हे गणित सीए करतील, पण करमुक्त विक्रीचा आकडा वेगळा काढून देणं सॉफ्टवेअरचं काम.

सप्टेंबर २०२५ च्या बदलाने आणखी एक कसोटी हाती दिली. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचा दर तारखेसह ठेवता येतो: अमुक तारखेपर्यंत १२, पुढे ५. ज्यात फक्त दर खोडून नवा लिहिता येतो, तिथे जुनं बिल उघडलं की तेही नव्या दराने दिसण्याचा धोका असतो. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला संच नंतर परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे परतीचं बिल, जुन्याच दराने काढावी लागते. हा एक प्रसंग डेमोत करून दाखवायला सांगा. पुष्कळ काही कळतं.

दुसऱ्या धंद्यांतही असे बारकावे आहेतच. जळगावच्या डाळ व्यापारात २५ किलोपर्यंतच्या, छापील वेष्टनातल्या डाळीवर ५ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर नाही. हा नियम १८ जुलै २०२२ पासूनचा. म्हणजे एकाच तूरडाळीला सॉफ्टवेअरमध्ये निदान दोन वस्तू म्हणून उभं करावं लागतं. सराफाच्या दुकानात सोन्याला ३ टक्के.

आणि कापूस. आपल्याकडे कृषी केंद्रवाला कधी कधी उधारीच्या बदल्यात शेतकऱ्याचा कापूसच घेतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तो क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर नेहमीच्या पद्धतीतल्या व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं. शेतकऱ्याकडे जीएसटी बिल नसतं, म्हणून आपणच आपल्या नावाने बिल बनवायचं. दोन-चार क्विंटल का असेना, हा व्यवहार असेल तर रिव्हर्स चार्जची सोय नसलेलं ॲप घेऊ नका.

उधारी

खान्देशातल्या दुकानाचा प्राण उधारीत आहे. जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येतात. जीएसटी मात्र वसुलीची वाट पाहत नाही. बिल केलं की कर लागू झाला. १ लाखाचं कीटकनाशक जूनमध्ये उधार दिलं तर त्यावरचे १८ हजार, खरेदीचं क्रेडिट वजा जाता जे उरेल ते, आपल्या खिशातून आधी भरायचे. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज आणि दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क.

म्हणून उधारीचा अहवाल हा मला कराइतकाच महत्त्वाचा वाटतो. कुणाकडे किती, किती दिवसांपासून, हे गावनिहाय निघायला हवं. इथे अगदी साधी अडचण येते. एका गावात पाटील दहा, महाजन आठ, त्यात नावंही सारखी. नुसत्या नावाने शोधणारं सॉफ्टवेअर चुकीच्या खात्यावर रक्कम टाकायला वेळ लावत नाही. गाव, मोबाइल नंबर आणि गावात ज्या नावाने ओळखतात ते नाव, या तिन्हींनी खातं सापडलं पाहिजे. वसुलीच्या वेळी भाऊबंदांत वाईटपणा येतो तो असल्याच चुकांमुळे.

खताच्या दुकानात अनुदानित खतासाठी सरकारी पॉस मशीन असतंच. त्यातला साठा आणि सॉफ्टवेअरमधला साठा हे दोन वेगळे हिशोब आहेत. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा गोदामातली पोती, मशीन आणि वही तिन्ही जुळावी लागतात. कीटकनाशकाचा बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख सॉफ्टवेअरने सांभाळली तर हे काम फार हलकं होतं.

खरेदीची बाजू

विक्रीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पैसा जातो तो खरेदीत. वितरकाकडून २ लाखांचं कीटकनाशक घेतलं, वर ३६ हजार जीएसटी दिला. हे ३६ हजार आपल्याला क्रेडिट म्हणून मिळायचे तर वितरकाने आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे आणि ते आपल्या २बी मध्ये आलं पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम पक्का आहे. शिवाय वितरकाचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. उधारीवर चालणाऱ्या दुकानाला ही मुदत फार लवकर गाठते.

२बी दर महिन्याला १४ तारखेला तयार होतं, तिमाहीवाल्यांना तिमाहीअखेर. सॉफ्टवेअरने ते उतरवून घेऊन आपल्या खरेदीशी बिलागणिक ताडून दाखवावं: हे जुळलं, हे आलंच नाही, याची रक्कम वेगळी. वितरकाला फोन करायला तेव्हाच हाती काही असतं. एकाच सोयीसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर मी या सोयीसाठी मोजेन.

नावं आणि प्रकार

आपल्याकडे 'टॅली टाकली का?' असंच विचारतात, इतकं या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं नाव रुजलं आहे. त्याचा जन्मही घरच्या धंद्यातूनच झाला. श्यामसुंदर गोयनका यांना आपल्या व्यवसायासाठी मनासारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयनका यांना ते तयार करायला सांगितलं. १९८६ मध्ये कंपनी सुरू झाली. टॅलीचा मोठा फायदा असा की तालुक्याच्या गावातही ती येणारा मुलगा-मुलगी सापडते आणि बहुतेक सीएंकडे ती असते. टॅलीप्राइमच्या ५.० या आवृत्तीपासून रिटर्न थेट पोर्टलवर चढवण्याची सोयही आली. तोटा असा की हिशोबाची बाराखडी माहीत नसलेल्याला ती सुरुवातीला जड जाते.

बिझीही त्याच जातीचं, मालाच्या साठ्याचा पसारा असलेल्यांना आवडणारं. 'मार्ग' हे सॉफ्टवेअर औषध दुकानांत जास्त दिसतं, कारण बॅच आणि मुदतीचं काम त्यात मुरलेलं आहे. कीटकनाशक विकणाऱ्यानेही ते एकदा पाहावं. 'व्यापार'सारखं ॲप मोबाइलवर चटकन शिकता येतं, लहान दुकानाला पुरतंही. झोहो बुक्स इंटरनेटवर चालतं, मुलगा पुण्यात बसून धुळ्याचा हिशोब पाहू शकतो.

इंटरनेटवरचं की कॉम्प्युटरवरचं, यात मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना कॉम्प्युटरवरचंच सुचवेन, किंवा नेट नसताना बिल थांबणार नाही असं. वीज आणि नेट दोन्ही जूनच्या वादळात जातात, गर्दीही जूनमध्येच असते. इंटरनेटवरच्या सेवेत दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. क्विकबुक्ससारख्या जगभर चालणाऱ्या सेवेने २०२३ मध्ये भारतातलं काम बंद केलं आणि तिच्या ग्राहकांना आपला डेटा दुसरीकडे हलवावा लागला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे वह्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. इतकी वर्षं कंपनी राहील की नाही, वर्गणी आपण भरू की नाही, सांगता येत नाही. म्हणून खरेदी करण्याआधीच विचारा: सगळी बिलं, खाती आणि साठा एक्सेलमध्ये काढून देता येतो का? वर्गणी संपल्यावर जुनं बिल उघडतं का?

घरातलं कोण, बाहेरचं कोण

घरच्या दुकानात बिल आबा करतात, दुपारी दादा, संध्याकाळी वहिनी हिशोब लावतात. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड हवा, आणि बिल कुणी कधी बदललं याची नोंद राहायला हवी. कंपन्यांना अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. घरच्या मालकीच्या दुकानाला ती सक्ती नाही. तरी ती चालू ठेवावी, कारण भावाभावांत हिशोबावरून शंका येण्याआधीच उत्तर तयार असतं. आबांना मराठीतून चालवता येतं का, बिल मराठीत छापतं का, हेही त्यांना शेजारी बसवूनच ठरवा.

सीएंना आधी विचारावं, सॉफ्टवेअर घेतल्यावर नव्हे. ते ज्यात काम करतात त्यात आपली फाइल सरळ उघडत असेल तर दर महिन्याचं पुन्हा टाइप करणं वाचतं, आणि टाइपातल्या चुकाही. पण एक गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल आपल्या घरातला असावा. कित्येक दुकानांची नोंदणी कुणी तरी स्वतःचाच नंबर टाकून करून दिलेली असते. मग नोटीस आली तरी मालकाला कळत नाही, ओटीपी दुसऱ्याकडे जातो, आणि सल्लागार बदलायचा म्हटलं तर अडचण. सॉफ्टवेअरला पोर्टलशी जोडायलाही हाच ओटीपी लागतो. आज संध्याकाळी पोर्टल उघडून तेवढं तपासा.

आयकराबद्दल थोडक्यात. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, अंदाजे नफ्याची सोपी पद्धत घेता येते: रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. ही पद्धत १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही आहे, कलमाचा आकडा तेवढा बदलला. अशा दुकानाला आयकरासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. फक्त रोख आणि बँक यांची विक्री वेगळी निघावी, आणि जीएसटीत दाखवलेली उलाढाल आयकरात दाखवलेल्या उलाढालीशी जुळावी. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात जीएसटीची उलाढाल दिसते, तफावत असली की विचारणा होते.

बदल करायचा कधी

१ एप्रिल. नवं आर्थिक वर्ष, बिलांची नवी मालिका, आणि खरीपाला अजून दोन महिने. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत, क्रमाने, वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. तो सुरुवातीलाच नीट ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळा वेळ असतो तेव्हा मागच्या जून-जुलैची वीस-पंचवीस अवघड बिलं काढा: तीन दरांचं, परतीचं, सीमेपलीकडचं, कापसाच्या बदल्यातलं. चाचणीसाठी मिळणाऱ्या मुदतीत ती स्वतः टाका, विक्रेत्याला टाकू देऊ नका. त्यावरून निघालेली जीएसटीआर-१ ची फाइल सीएंना दाखवा. एप्रिलभर जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवा.

उधारीची सुरुवातीची बाकी भरताना घाई करू नये. प्रत्येक गावची यादी छापून, शेतकरी दुकानात आला की त्याला दाखवून, मान्य करून घ्यावी. आणि बॅकअप रोज रात्री दोन ठिकाणी घ्यावा, त्यातला एक दुकानाबाहेर, घरी. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायचा, कारण पेनड्राइव्हवर फाइल दिसते म्हणजे ती उघडेलच असं नसतं.